बांधावरच्या नोंदी : दहा गुंठे, तीन वर्षं आणि एक कागद



भाजीपाल्याच्या मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "मजूर लोकांना नवीन तंत्र पटवून देणं लई अवघड आहे." स्टेजवरचा माणूस म्हणतो आणि खाली खुर्च्यांवर बसलेले आम्ही सातबारावाले माना हलवतो. हे वाक्य मला बऱ्याच दिवसांपासून खटकायलंय. म्हणून आज फवारणीची माहिती बाजूला ठेवून यावरच लिहितो. नोंद जरा लांब झाली आहे, सवडीनं वाचा.

आधी एवढंच आठवून बघा. तुमच्या शेतात मल्चिंगचा पेपर कुणी अंथरला? छिद्रं कुणी पाडली? प्रो-ट्रेमधलं रोप मुळाची माती न फुटू देता छिद्रात कुणी बसवलं? टोमॅटोला बांबू-तार झाल्यावर सुतळीनं एकेक फांदी कुणी बांधली? ठिबकची नळी चोकअप झाली की शेवटची टोपी काढून फ्लश कोण करतं? आमच्या अहमदपूर-लोहा पट्ट्यात तरी ही सगळी कामं हजेरीनं येणारी माणसं करतात, आणि त्यात बायका जास्त. मी माझं एकच शेत बघतो. हजेरीला जाणारी बाई वर्षभरात पाच-सात मालकांची शेतं बघते. कुणाचा गादीवाफा बसला, कुणाची रोपं मर लागून गेली, कुणी काय मारल्यावर थ्रिप्स थांबले, हे तिला आपल्याआधी कळतं.

माझ्याकडं सात-आठ वर्षं येणारी एक ताई आहे. नाव टाकत नाही, तिनंच नको म्हटलंय. एकदा मी सहज म्हणलं, "तुम्ही पण बटईनं थोडं रान करा की. मल्चिंगवर वांगी लावा." ती म्हणाली, "मल्चिंग आंथरायला येतंय दादा मला. आंथरू कुठं?"

हा प्रश्न पुढच्या सगळ्या नोंदीचा विषय आहे.

काय उचललं जातं

मजूर कुटुंबं सुधारित पद्धत उचलत नाहीत हे खरं नाही. ती निवडून उचलतात. जे पिशवीत मावतं, उचलून दुसरीकडं नेता येतं, ज्याला रोकड कमी आणि हात जास्त लागतात, ते लगेच घेतात. माझ्या बघण्यातली उदाहरणं सांगतो.

पहिलं, बियाणं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८० च्या दशकात 'परभणी क्रांती' ही भेंडी दिली. केवडा, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, त्याला ती दाद देत नव्हती म्हणून तिचं नाव झालं. माझ्या रानात आता ती पहिल्यासारखी टिकत नाही. पण ही सरळ वाणाची भेंडी, संकरित नाही. चार शेंगा झाडावर वाळू दिल्या की पुढच्या वर्षीचं बी घरात. आमच्या वस्तीवर कित्येक घरांच्या मागं ही भेंडी आहे आणि बी पुरचुंडीतून माहेरी-सासरी फिरतं.

दुसरं, निंबोळी अर्क. उन्हाळ्याच्या शेवटाला निंबोळ्या वेचून वाळवायच्या. ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायचा, सकाळी फडक्यानं गाळायचा. २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या १ लिटर पाण्यात विरघळून त्यात टाकायचा आणि सगळं मिळून १०० लिटर करायचं. हा झाला ५ टक्के अर्क. संध्याकाळी फवारायचा. याला पैसा लागत नाही, वेळ लागतो.

तिसरं, रोपवाटिका. ट्रे आणि कोकोपीट आणून घरासमोर रोपं करणारी चार घरं आता आमच्याच गावात आहेत. पैसे बहुतेक बचत गटातून उचललेले. जुनी मच्छरदाणी झाकण्याचा प्रयोग बऱ्याच जणी करतात. त्यातून पांढरी माशी आरामात शिरते आणि टोमॅटो-मिरचीला रोपातच बोकड्या लागतो. जाळी घ्यायची तर ४० ते ५० मेशची नायलॉनचीच घ्या.

चौथं, परसबाग. 'उमेद'च्या गटांनी पोषण परसबागेची मोहीम गावोगाव नेली. सांडपाण्यावर घराला पुरेल एवढी पालेभाजी, दोडका, कारलं होतं. बाजारात न्यावं एवढं होत नाही, पण लेकरांच्या ताटात भाजी येते.

कुठं अडतं

आता न उचललेल्या गोष्टी बघा. ठिबक, मल्चिंग, शेडनेट, तार-बांबूचा मांडव. या सगळ्यांत एक सारखेपणा आहे. त्या जमिनीला चिकटतात. आज केलेला खर्च दोन-तीन हंगामांत वसूल होतो. ज्याला पुढच्या पाडव्याला हे रान आपल्याकडं राहील का याची खात्री नाही, तो तिथं बांबू कशाला रोवील?

योजनांचंही तेच. ठिबकला राज्यात केंद्र-राज्य मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि बाकीच्यांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्जाला सातबारा आणि आठ-अ लागतो. २०२० ला सुरू झालेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेत महिला गटांना प्राधान्य आहे, पण अर्जदाराच्या नावावर किमान ०.४० हेक्टर जमीन पाहिजे, म्हणजे एक एकर. जिला रोपं करायची कला येते तिच्याकडं एकर नाही, आणि ज्याच्याकडं एकर आहे तो रोपं विकत आणतो.

भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतमजुरांसाठी दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची योजना आहे. ४ एकर कोरडवाहू किंवा २ एकर बागायती जमीन. मुळावर बोट ठेवणारी योजना म्हणायची तर हीच. पण सरकारी दरात रान विकायला तयार असलेला मालक गावात सापडावा लागतो.

आपल्याच भागातलं एक चांगलं उदाहरण सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत घरं बांधताना बायकांचे गट उभे राहिले. त्यातून प्रेमा गोपालन यांची 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था वाढली. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी बायकांना एक मागणी करायला लावली : घरच्या रानातला अर्धा-एक एकर आमच्याकडं द्या, त्यात काय पेरायचं ते आम्ही ठरवू. नुसत्या सोयाबीनऐवजी त्या तुकड्यात धान्य, डाळी, भाजीपाला आला. या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. यातून मला दिसलं ते एवढंच : तंत्र शिकवण्याच्या आधी तुकडा मिळाला. तिथं नवऱ्याकडं किंवा सासऱ्याकडं मागायला रान होतं. जिच्या घरात रानच नाही तिला ते दुसऱ्याकडं मागावं लागतं. म्हणजे तुमच्या-माझ्याकडं.

निम्म्याचं गणित

आमच्याकडं बटई म्हणजे निम्मं-निम्मं. बी-खताचा खर्च अर्धा-अर्धा, माल अर्धा-अर्धा, मेहनत सगळी बटईदाराची. कोरडवाहू ज्वारी-हरभऱ्याला हे बरं चालतं. भाजीपाल्यात ते नव्या पद्धतीच्या आड येतं. कसं ते ताईनंच मला बोटांवर मोजून दाखवलं.

वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी येते. कोमेजलेले शेंडे दर आठवड्याला खुडून पुरून टाकले आणि कामगंध सापळे लावले तर औषधाचा खर्च बराच कमी होतो. पण शेंडे खुडायला तिची अर्धी हजेरी मोडते. आमच्याकडं बाईची हजेरी ३०० धरा, म्हणजे १५० रुपये. समजा त्या खुडणीनं २०० रुपयांचा माल वाचला. बटईत त्यातले १०० मालकाचे, १०० तिचे. १५० घालून १०० मिळवायचे. कोण करील? ती दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये खुरपायला जाईल आणि तेच शहाणपणाचं आहे. आपण मात्र बांधावर उभं राहून म्हणणार, यांना सांगून कळत नाही.

तिनं मला बटई नको, ठोका द्या म्हणलं. वर्षाची ठरलेली रक्कम, बाकी नफा-तोटा तिचा. मग २०० च्या २०० तिचे.

दुसरं तिनं मागितलं ते तीन वर्षं. तिसरं, पाणी दिवसा. थ्री फेज लाईट कधी दिवसा, कधी रात्री. नवरा ऊसतोडीला गेल्यावर बाईमाणसानं रात्री दोन वाजता विहिरीवर मोटर चालू करायला जायचं का? ही अडचण तंत्रज्ञानाच्या कुठल्याच पुस्तिकेत मी वाचलेली नाही. आणि चौथं, हे सगळं कागदावर.

कागदाची भीती

कागद म्हणल्यावर आमच्या घरात वादळ उठलं. आबा म्हणाले, "लिहून दिलास की कूळ लागंल. तोंडी दे, वर्षाला दे, पुढच्या साली दुसऱ्याला दे."

ही भीती हवेतली नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पुढं हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. ते त्या काळी गरजेचंच होतं. पण त्याची आठवण घराघरात अशी बसली की आज दोन पिढ्यांनंतरही मालक कुणाला सलग दोन वर्षं एकच तुकडा द्यायला कचरतो आणि लिहून तर देतच नाही. निती आयोगानं २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा नमुना कायदा मांडला, त्यात मालकी मालकाचीच राहून कसणाऱ्याला ठरलेली मुदत मिळावी असा विचार आहे. गावच्या बांधावर मात्र अजून तोंडीच चालतं. आणि तोंडी, वर्षाच्या व्यवहारात मल्चिंग अंथरलं जात नाही, हे मी रोज बघतो.

आबांशी पंधरा दिवस बोलणं चाललं. शेवटी मी म्हणलं, "बँकेकडं आपलं रान तारण आहे, त्याची भीती वाटत नाही. जिनं सात वर्षं आपल्या वांग्याला पाणी दिलं तिची वाटते?" आबा काही बोलले नाहीत. पण सही करताना साक्षीदार म्हणून बसले.

२०२४ च्या पाडव्याला लिहिलं. विहिरीजवळचे १० गुंठे, तीन वर्षं, वर्षाला ६,००० रुपये. निम्मे दसऱ्याला, निम्मे संक्रांतीला. आठवड्यातून दोन पाळ्या पाणी, दिवसाच्या लाईटीत. साधा कागद आहे. त्यावर कर्ज मिळत नाही की अनुदान मिळत नाही. पण मुदत मिळते.

दहा गुंठ्यांत काय झालं

तिनं ६ गुंठे काटेरी वांगी केली, बाकीत पालेभाजी आणि भेंडी, कडेनं मक्याच्या दोन ओळी. टोमॅटो का नाही विचारलं तर म्हणाली, "टमाटा एकदाच पिकतो अन् एकदाच पडतो. वांगं आठवड्याला पैसा देतं." १२ ट्रेमध्ये अकराशेच्या वर रोपं घरीच केली. ९८ खणांचा एक ट्रे. लागवड ३ फूट बाय २ फूट.

खरी हुशारी पालेभाजीत होती. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा मजूर घराचा खडखडाटाचा काळ, आणि मुकादमाची उचल याच दिवसांत गळ्यात पडते. तिनं आठ लहान गादीवाफे केले आणि दर आठवड्याला एका वाफ्यात मेथी, कोथिंबीर नाहीतर शेपू टाकत गेली. महिन्याभरात पहिला वाफा काढणीला आला, तिथून दर आठवडी बाजाराला नेण्याजोगं काहीतरी असायचंच. वांगं सुरू होईपर्यंत घर त्यावर चाललं. आपण सगळी मेथी एका दिवशी पेरतो, एका दिवशी काढतो आणि हर्राशीत भाव पडला म्हणून रडतो. वाफ्यागणिक पेरणी ही पुस्तकातलीच पद्धत आहे, पण ज्याला दर आठवड्याला किराणा भरायचा आहे तोच ती नेटानं पाळतो.

पहिल्या वर्षी तिचा नवरा अर्धा कोयता म्हणून तोडीला गेलाच. आधीची उचल फिटायची होती. ही लेकरांना घेऊन गावात राहिली. पहाटे वांगी तोडायची, आठला दुसऱ्याच्या रानात हजेरी. सापळ्यातली गोळी बदलायची तारीख मुलीच्या वहीत मागच्या पानावर लिहिलेली.

दुसऱ्या वर्षी, २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुखेडपासून आमच्यापर्यंत पावसानं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. माझं सपाटीतलं सोयाबीन पाण्यात होतं. तिचे तीन वाफे मेथीचे गेले. पण वांगी उंच गादीवर असल्यानं आणि मधल्या चरातून पाणी ओढ्याकडं निघाल्यानं बहुतेक झाडं वाचली. काळ्या रानात गादीवाफा म्हणजे विमाच.

मग डिसेंबरात येळवस आली. लातूर-नांदेडकडच्या माणसाला येळवशीच्या आदल्या दोन दिवसांचा भाजीबाजार सांगावा लागत नाही. प्रत्येक घरात भज्जी व्हायची, वांगं लागणार, मेथी लागणार, पातीचा कांदा लागणार. तिनं वाफे मागं मोजून त्या आठवड्यासाठी पेरले होते. माळेगावची यात्राही त्याच सुमारास. नंतर भोगी. या तीन सणांत तिनं आडत्याकडं एकही कॅरेट दिलं नाही, सगळं स्वतः बसून विकलं.

पाडव्यापासून संक्रांतीपर्यंत खर्च आणि ठोका जाऊन तिच्या वहीत ४६ हजार उरले. मुकादम जोडीला देतो त्या उचलीपेक्षा हे कमीच आहे. पण उचल हे कर्ज असतं, हे तिचे आहेत. शिवाय दोघांची गावातली हजेरी वेगळी. या दसऱ्याला मुकादम दोनदा येऊन चहा पिऊन गेला. दोघांनीही कोयता उचलला नाही. थोरली सहावीत आहे. पहिल्यांदाच पूर्ण वर्ष घरच्या दोघांच्या देखत शाळेत गेली.

एका घराच्या गोष्टीवरून सगळ्या मराठवाड्याचा निष्कर्ष काढत नाही. माझी विहीर जानेवारीतही पाणी देते, सगळ्यांची देत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तशा वर्षी दहा गुंठे काय आणि दहा एकर काय. पण ज्याच्याकडं पाणी आहे त्याला १० गुंठे देणं जड नाही. माझा फायदा विचाराल तर ठोका वेळेवर मिळाला, बांधालगतचं गवत गेलं, आणि तोडीच्या हंगामात गावात मजूर राहिला, जो तुम्हालाही पाहिजे आणि मलाही.

आता तिसरं वर्ष लागतंय. तिला ठिबक आणि मल्चिंग करायचं आहे. अनुदानाचा अर्ज माझ्याच सातबाऱ्यावर जाणार, म्हणून माझ्या एकराच्या अर्जात तिचे १० गुंठे धरलेत. अनुदान सोडून जो खर्च उरतो त्यातला तिच्या तुकड्याचा वाटा ती भरणार. पण मुदत संपल्यावर नळ्या कुणाच्या? रानात राहिल्या तर तिचे पैसे गेले, काढून नेल्या तर अनुदानाच्या नियमात मी अडकलो. आमचं असं ठरलंय की मुदत वाढवली नाही तर तिचा भरलेला वाटा, वापराची वर्षं वजा करून, मी रोख परत द्यायचा. येत्या पाडव्याला कागदावर ही ओळ वाढवायची आहे. आबांनी स्वतःच ती दोनदा वाचून बघितली आणि "किती वर्षांत किती वजा" ते आकड्यात लिही म्हणाले.

तुमच्या गावात कुणी असा ठोक्याचा कागद केला असेल तर त्यात काय काय लिहिलंय ते जरूर कळवा. आमचा मसुदा पाडव्याआधी पक्का करायचा आहे.

#बांधावरच्या_नोंदी #भाजीपाला #ठोका_की_बटई